कलशातली वाळू

१

अधिकारीण बोलता बोलता थांबली आणि तिनं कलशाचं तोंड दादा, वहिनी आणि आत्या या तिघांकडे वळवलं.

आत वाळू होती. करड्या रंगाची, गोल दाण्यांची, अजून थोडी ओलसर. मधेच शिंपल्याचा एक बारीक तुकडा चमकत होता.

"हे नाही," दादा म्हणाला. "बाई, हे आमचं नाही. आमच्या कलशात माझा मुलगा आहे."

विमानतळावरची सुरक्षा तपासणी. मागे लोकांची रांग, पट्ट्यावरून सरकणाऱ्या बॅगा, ट्रेमध्ये काढून ठेवलेले पट्टे आणि बूट. यंत्रातलं चित्र नेहमीच्या राखेसारखं दिसत नाही, म्हणून अधिकारीणीनं कलश उघडायची परवानगी मागितली होती. दादानं हात जोडून "हळू, बाई, हळू" म्हटलं होतं. वहिनीनं फक्त "उघडा" म्हटलं होतं. कलशाभोवती मुलाच्या निळ्या चौकटीच्या शर्टाची पिशवी होती. मुलाच्या खोलीत, त्याच्याच पलंगावर बसून वहिनीनं ती कलशाभोवती चहूबाजूंनी शिवून टाकली होती. अधिकारीणीनं कात्रीनं वरची शिवण कापली, झाकण फिरवलं, आणि ही वाळू निघाली.

मुलगा किती वर्षं बोलावत होता. "या हो दोघं. विमानतळावर घ्यायला येतो, तिथून गाडीनं सगळा देश दाखवतो." आधी दादाची शाळेतली नोकरी होती. मग निवृत्तीनंतर बघू झालं, मग गुडघे झाले, मग बापलेकांचं बिनसलं. दोघांचा पहिला पासपोर्ट, पहिलं विमान, परक्या देशातला पहिला लांबचा रस्ता, सगळं झालं ते त्याला परत न्यायला.

दादा टेबलाची कड धरून उभा होता. मग त्यानं मान वळवली. काचेपलीकडे, निरोप द्यायला आलेल्यांच्या गर्दीत एक उंच तरुण अजून हात हलवत होता. मुलाचा खोलीतला जोडीदार. मुलगा त्याला लंबू म्हणायचा. सगळा रस्ता गाडी त्यानंच चालवली होती.

"त्याला धरा," दादा ओरडला. "त्याला जाऊ देऊ नका!"

२

त्यांना आणि लंबूला एका छोट्या खोलीत बसवलं. एक टेबल, पाच खुर्च्या, पाण्याचं यंत्र. विमान निघून जाणार हे आता नक्कीच होतं. अधिकारीण सभ्य होती, पण तिनं आत्यामार्फत स्पष्ट सांगितलं: तुम्ही संशय घेताय, तर लेखी तक्रार द्या. तक्रार आली की पोलीस या तरुणाला नेतील. तो इथं नोकरीच्या परवान्यावर आहे. गुन्हा नोंदला गेला की परवाना गेला.

"देतो," दादा म्हणाला. "आत्ता देतो."

"दादा, मला तासभर दे," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. एका विमान कंपनीत तिनं उमेदीची सगळी वर्षं हरवलेल्या बॅगा शोधण्यात घालवली होती. इथली भाषा येते म्हणून ती या दोघांबरोबर आली होती. घरात सगळे तिची चेष्टा करायचे, लग्नकार्यात कुणाची चप्पल दिसेनाशी झाली तरी ही साक्षी-जबाब घ्यायला बसते म्हणून. तिचं एकच म्हणणं असायचं, सामान आपोआप हरवत नाही. त्याला शेवटचा हात कुणाचा लागला ते बघा.

ती लंबूसमोर बसली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कलशाला तू कधी हात लावलास?"

"आज सकाळी, आत्या. लॉजवरून निघताना. काकूंनीच दिला. म्हणाल्या, डिकीत ठेव. मी दोन बॅगांच्या मधे नीट बसवला."

"खोटं!" दादा उसळला. "पहिल्या दिवसापासून ती कलश मांडीवरून खाली ठेवत नव्हती. जेवताना शेजारच्या खुर्चीवर. गाडीत पट्टा लावून. ती तुला डिकीत ठेवायला देईल?"

"मीच दिला," वहिनी म्हणाली. ती भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. कलशात राख नाही हे बाहेर कळल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "पाय अवघडले होते."

आत्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लंबूकडे वळली. "काल दुपारी कुठं होतास?"

"टायर बदलायला गेलो होतो. लॉज तळ्याच्या काठाला, गॅरेज गावात. काका गोळी घेऊन झोपले होते. तुम्ही व्हरांड्यात होता. ती आली होती काकूंना भेटायला. मी परत आलो तेव्हा काकू हातपाय धूत होत्या."

"तुझ्या बुटांना वाळू आहे."

"सगळ्यांच्याच असेल, आत्या. त्या अंगणात वाळूच आहे."

"खरं सांग. त्याची राख परत नेऊ नये असं तुला वाटत होतं?"

लंबूनं मान खाली घातली. मग म्हणाला, "वाटत होतं. तो म्हणायचा, मला काही झालं तर मी इथंच राहणार. पण वाटणं वेगळं. आईच्या मांडीवरून उचलून नेईन का मी?"

"ऐकलंस?" दादा उठला. "कबूल केलं त्यानं. कागद द्या इकडे."

३

"ती" म्हणजे तळ्याकाठच्या गावातली एक नर्स. मुलाच्या ओळखीची, एवढंच काल आत्याला कळलं होतं. लॉज तिनंच सुचवला होता. दादा झोपलेला असताना ती आली होती, हातात मुलाचा स्वेटर घेऊन. आत्याला आश्चर्य वाटलं होतं ते तिच्या बोलण्याचं. ती मुलाची भाषा बोलत होती, तुटकी, पण अगदी त्याच्या ढंगात. वाक्य सुरू करताना "म्हणजे कसं" आणि संपवताना "होय की नाही." वहिनीनं ते ऐकलं आणि तिचा हात धरला होता. नंतर दोघी दोनदा तळ्याकडे फिरायला गेल्या होत्या.

आत्यानं तिला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तो टेबलावर ठेवला. काय झालं ते सांगितलं. लंबूला पोलीस नेतील हेही सांगितलं.

मग तिचा आवाज आला, घाईघाईनं.

"मी केलं. म्हणजे कसं, लंबू नाही. मी. मी राख घेतली. पोलिसांना माझं सांगा."

वहिनी ताठ बसली.

"कधी घेतलीस?" आत्यानं विचारलं.

"काल. तुम्ही... तुम्ही सगळे चहा घेत होता. मी खोलीत गेले."

"आणि वाळू भरलीस?"

"होय."

"कलश पिशवीत होता. पिशवी परत बंद कशी केलीस?"

थोडं थांबून ती म्हणाली, "गाठ मारली. वर. घट्ट गाठ."

दादा दोन्ही मुठी टेबलावर टेकून उभा राहिला होता. "चोर!" तो फोनकडे बघून म्हणाला. "काय केलंस त्याचं? कुठं टाकलंस माझ्या पोराला?"

पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

आत्यानं फोन उचलून पर्समध्ये टाकला. "तिनं नेलेली नाही," ती म्हणाली.

४

कापलेली पिशवी अजून टेबलावर होती. आत्यानं ती उलटीसुलटी केली आणि दिव्याखाली धरली.

"दादा, इकडे बघ. गाठ कुठं आहे? ही शिवलेली होती. अधिकारीणबाईंनी आपल्यादेखत शिवण कापली. ज्यानं राख काढली त्याला शिवण उसवावी लागली आणि परत शिवावी लागली. ती मुलगी गाठ म्हणते, कारण पिशवी बंद होताना तिनं पाहिलीच नाही. ती कुणाला तरी वाचवतेय."

"याला," दादा लंबूकडे बोट दाखवत म्हणाला.

"मग हे बघ." तिनं कापडाची कड ताणली. "उसवून शिवलं की कापडाला नवी भोकं पडतात, जुनी तशीच राहतात. इथं एकही रिकामं भोक नाही. सुई पुन्हा त्याच भोकांतून गेलीय, एकेक करून. दोरा तोच, टाक्याचा तिरपेपणा तोच. लंबूनं शिवलं असतं तर पोत्याच्या तोंडासारखं दिसलं असतं."

लंबूनं आत्याकडे बघितलं, मग भिंतीकडच्या खुर्चीकडे, आणि घाईनं नजर वळवली.

आत्याचं मन आधीच तिथं जाऊन पोचलं होतं. तिला तिथं जायचं नव्हतं. इतकी वर्षं तिनं काउंटरवर माणसं पाहिली होती. ज्याच्या बॅगेत जीव अडकलेला असतो तो ती हातातून सोडत नाही. ज्याला ती रिकामी आहे हे ठाऊक असतं तो सहज म्हणतो, ठेवा कुठंही. आज सकाळी गाडीत वहिनीची मांडी मोकळी होती. सगळा रस्ता तिनं दादाचा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि आत्याला वाटलं होतं, बरं झालं, बाई थोडी सावरली. काल दुसऱ्यांदा फिरायला जाताना एवढ्या उन्हात तिच्या हातावर जाड शाल होती, पोटाशी धरलेली. आणि मघाशी, सगळ्या जगात तिनंच म्हणायला हवं होतं, हळू, सांभाळून, तो आत आहे. ती म्हणाली, उघडा.

"दादा," आत्या म्हणाली, "तू लंबूबरोबर बाहेर जाऊन पाणी पिऊन ये. अधिकारीणबाई असतील सोबत."

"मला पाणी नकोय. मला..."

"दादा. जा."

दार बंद झालं. आत्या उठली नाही. नुसतंच म्हणाली, "वहिनी, कुठं ठेवलंस त्याला?"

५

वहिनीनं पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"त्याच्या लेकीपाशी," ती म्हणाली.

आत्यानं हातातली पिशवी टेबलावर ठेवली.

"मुलगी झाली होती त्याला, वन्सं. त्या पोरीची आणि त्याची. जन्मतःच हृदयात दोष. फार नाही जगली. आजीला ओळखायचं वय होण्याआधीच गेली. तळ्याच्या वरच्या अंगाला दफनभूमी आहे, तिथं एवढासा दगड आहे. काल ती मला दाखवायला घेऊन गेली. म्हणाली, तो रोज संध्याकाळी इथं येऊन बसायचा. कामावरून परस्पर. लेक एकटी आहे म्हणायचा. त्या दिवशीही तिकडेच येत होता, आणि वळणावर गाडी घसरली."

यंत्रात पाण्याचा बुडबुडा वाजला.

"मी परत लॉजवर आले. कलशाजवळ बसले. म्हटलं, याला मी घेऊन जाणार, आणि ते लेकरू तिथं एकटं. मीही आई आहे, पण तोही बाप होता ना. मग शिवण उसवली. कलश शालीत घेतला आणि पुन्हा वर गेले. दोघींनी हातांनी माती उकरली. येताना काठावरची वाळू भरली. वजन लागायला हवं होतं, नाहीतर ह्यांना कळलं असतं."

"पण दादाला सांगायचंस. त्यानं ऐकलं असतं. आज नाही तर उद्या."

"कसं सांगू?" वहिनीचा आवाज पहिल्यांदा फुटला. "ती पोरगी म्हणाली, बाळ झालं त्या दिवशी त्यानं घरी फोन केला होता. बाबांनी उचलला. पण लाइन कटली. वन्सं, मला तो दिवस आठवतो. मी भाजी घेऊन आत आले, तर ह्यांचा हात अजून फोनवरच होता. मी विचारलं कोण होतं. म्हणाले, राँग नंबर."

आत्यानं डोळे मिटले. परदेशातल्या कुणा मुलीशी लग्न करायचं म्हणतो म्हणून दादानं मुलाशी बोलणं टाकलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं; ती मुलगी हीच, हे आत्याला आता कळलं. मुलगा आईला फोन करायचा, दादा घराबाहेर असताना. त्या एका दिवशी त्याला धीर धरवला नसेल.

"लाइन कटली नव्हती," वहिनी म्हणाली. "ह्यांनी ठेवला. मुलगी झाली हे सांगायला त्यानं केला होता, आणि ह्यांनी त्याचं ऐकून न घेता ठेवला. हे कळलं तर हा माणूस जगायचा नाही. मी एक पुरलाय. दुसरा नाही पुरणार. त्यांना वाटू दे घरी आणलं म्हणून. वाळूसमोर रडू दे. मी जन्मभर गप्प बसले असते. मला काय माहीत, यंत्रात दिसतं म्हणून!"

बाहेर पावलं वाजली.

"आता लंबूला नेतील," आत्या हलकेच म्हणाली. "त्या मुलीनंही स्वतःवर घेतलंय. वहिनी, तू सांगतेस की मी?"

वहिनीनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते आत्याला कळलं नाही. दार उघडलं. दादाच्या हातात तक्रारीचा कागद होता, आणि सही झालेली होती.

६

वहिनी उठली. तिनं तो कागद त्याच्या हातातून घेतला आणि घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"अहो, बसा."

"अगं, कागद..."

"राख मी काढली. मी ठेवलं त्याला तिथं. त्याला मुलगी झाली होती. ती गेली. तिच्याजवळ ठेवलं."

इतकंच. फोनचं तिनं नाव काढलं नाही. आत्यानंही नाही. लंबू दाराला पाठ लावून उभा होता आणि त्याच्या गालावरून सरळ पाणी वाहत होतं. त्यालाही सगळं माहीत होतं, हे आत्याच्या तेव्हा लक्षात आलं. जिवावर बेतलं तरी त्यानं काकूंचं नाव घेतलं नव्हतं.

दादा चिडेल, टेबलावर हात आपटेल, असं सगळ्यांना वाटलं. तो बसला. चष्मा काढून त्यानं शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

"कधी झाली?" त्यानं विचारलं.

वहिनी पर्सची चेन लावत राहिली.

"अगं, मुलगी कधी झाली?"

"झाली कधीतरी. आता काय करायचंय?"

"गेल्या थंडीत?"

वहिनीनं त्याचा हात धरायला हात पुढे केला. त्यानं तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिला, दुसऱ्याच कुणाचा तरी हात असल्यासारखा.

"राँग नंबर," तो म्हणाला.

अधिकारीणीला भाषा कळत नव्हती, पण तिनं उठून दिव्यांपैकी एक दिवा मालवला आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिली.

७

ज्या रस्त्यानं आले होते त्याच रस्त्यानं ते परत निघाले. लंबूनं एकदाही रेडिओ लावला नाही. दादा मागच्या सीटवर खिडकीशी होता. मधे एकदा गाडी थांबली तेव्हा तो उतरून लंबूजवळ गेला, त्याच्या खांद्यापर्यंत कसाबसा हात पोचवला आणि म्हणाला, "पोरा, मी तुला काय काय बोललो."

"काका, गाडीत बसा. ऊन लागेल," लंबू म्हणाला.

ती मुलगी दफनभूमीच्या फाटकाशी उभी होती. अंगात मुलाचा स्वेटर होता, बाह्या दुमडलेल्या. दादाला पाहून ती दोन पावलं मागे सरली. चोर म्हणून ऐकलेला आवाज तिच्या कानात अजून असणार. वहिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

दगड खरंच एवढासा होता. शेजारची माती नवी होती. दादा गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसला. बराच वेळ तो त्या मातीवर तळवा टेकून होता. मग मान वर न करता बोलला.

"फोन मी ठेवला होता. त्याचा आवाज ओळखला आणि ठेवला."

मुलगी त्याच्या शेजारी बसली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

"नाही, बाबा. लाइन कटली. त्यानं सांगितलं मला. म्हणाला, बाबांनी हॅलो म्हटलं, आवाज छान होता, आणि मग लाइन गेली. म्हणाला, उद्या परत करू. म्हणजे कसं, मग बाळ आजारी पडलं. राहिलं."

दादानं तिच्याकडे पाहिलं. तिला खरंच तसं वाटत होतं, की ती मुलाचा शब्द राखत होती, हे आत्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. साऱ्या आयुष्यात असंख्य जबाब घेतले होते तिनं, पण हा तपासावासा वाटला नाही.

"केस होते?" दादानं विचारलं.

"होते. काळे. उभे राहायचे."

"रडायची?"

"थोडी. त्याच्या पोटावर झोपायची. तो हलायचा नाही. लघवी लागली तरी हलायचा नाही."

दादा हसला, आणि ते हसू तोंडातच मोडलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, दगडावरची धूळ पुसली आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. लिपी परकी होती.

"हे काय लिहिलंय?"

"तिचं नाव. त्यानं ठेवलं."

"वाच."

तिनं वाचलं. ते वहिनीचं नाव होतं. घरात ते कुणी घेत नसे. सासरच्यांना ती वहिनी, मुलाला आई, शेजारणींना काकू आणि दादाला नुसतीच अगं. सासू-सासरे गेल्यापासून ते नाव कागदांवर तेवढं उरलं होतं.

दादानं ते पुन्हा विचारलं नाही. त्यानं दगडावर हात ठेवला आणि लेकराला झोपेतून उठवताना मारतात तशी, हळू आवाजात, त्या नावानं हाक मारली.

"ओ," मागे उभी असलेली वहिनी म्हणाली.